ग्रंथींच्या हातातला लगाम



पत्रिकेवर 'ताण, ग्रंथी आणि प्रतिकारशक्ती' हा विषय वाचून एका मित्राने मला फोन केला. म्हणाला, "हे सगळं अमेरिकेतलं. रावपुऱ्यात कशाला?" त्याला उत्तर म्हणून बडोद्यातल्याच एका माणसापासून सुरुवात करतो.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 चा, आपल्या डभोईचा. शिक्षण बडोदे कॉलेजात. 1907 पासून 1910 पर्यंत त्यांनी प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली जुम्मादादा व्यायामशाळेत घाम गाळला. पुढे अमळनेरला शिक्षकी करत असताना 1919 मध्ये ते नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे गेले आणि योग शिकले. आपण त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतो. गुरूने सांगितले की अमुक क्रियेने अमुक फायदा होतो, तर शिष्याने मान डोलवायची, ही आपली रीत. या शिष्याला मात्र फायदा होतो म्हणजे शरीरात नेमके काय होते, ते मोजून पाहायचे होते. 1920-21 मध्ये बडोद्याच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची तपासणी केली. लोणावळ्याचे कैवल्यधाम आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक 1924 चे, म्हणजे नंतरचे. मोजमापाची पहिली पावले बडोद्यात पडली.

त्यांचे लक्ष अंतःस्रावी ग्रंथींकडे होते. या ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात. त्या रसाला आपण हार्मोन म्हणतो. सर्वांगासनाचा थायरॉइडवर परिणाम होतो, असे कुवलयानंद मांडत. हे जसेच्या तसे सिद्ध झाले आहे असे मी म्हणणार नाही. मान वाकवली, रक्त पोहोचले, ग्रंथी सुधारली, इतका सरळ हिशेब शरीरात चालत नाही. पण त्यांच्या हाताशी काय होते तेही पाहा. कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनचे नावही नव्हते. मेंदू आपल्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला रक्तातून निरोप पाठवतो हे कुणाला ठाऊक नव्हते. छातीच्या हाडामागची थायमस ही ग्रंथी कशासाठी असते, याचे उत्तर जॅक मिलर या संशोधकाने 1961 मध्ये दिले. तोवर वैद्यकाच्या पुस्तकांत ती एक निरुपयोगी गाठ होती.

या थायमसची हकीकत मला आज जरा सविस्तर सांगायची आहे. ताण, ग्रंथी आणि प्रतिकार या तिघांची गाठ तिथेच पडते.

1936 साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेली नावाचा एक तरुण डॉक्टर उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचत होता. नवा हार्मोन सापडेल ही आशा. उंदीर फाडून पाहिले तर तीन गोष्टी दिसल्या. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या, थायमस आणि लसिकाग्रंथी आक्रसलेल्या, जठरात व्रण. सेली खूश झाला. मग त्याने खात्रीसाठी दुसरे अर्क टोचले. तेच तीन बदल. शेवटी फॉर्मालिन टोचले, ज्यात हार्मोनचा थेंबही नाही. तरी तेच! थंडीत ठेवले, अतोनात पळवले, जखमा केल्या, तरी शरीराची तक्रार एकच. दुसरा कोणी असता तर प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. सेलीने 'नेचर' साप्ताहिकात पानभरही नसलेले पत्र छापले. त्यात 'स्ट्रेस' हा शब्द नाही, तो त्याने पुढे रूढ केला. पण कारण कोणतेही असो, संकटात सापडलेल्या शरीराची अ‍ॅड्रिनल वाढते आणि थायमस आक्रसते, हे त्या पत्रात आहे.

हेच आक्रसणे त्याआधी माणसांत दिसले होते, फक्त उलटे वाचले गेले. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वैद्यकीय शाळांना विच्छेदनासाठी प्रेते कुणाची मिळत? गरिबांची. इंग्लंडात 1832 च्या कायद्याने अनाथालयांत आणि दरिद्रीगृहांत मेलेल्या बेवारस माणसांची प्रेते शाळांकडे जाऊ लागली. जन्मभर उपासमार, आजार आणि मारहाण सोसलेली ही शरीरे. त्यांची थायमस आक्रसून गेलेली, आणि डॉक्टरांनी तीच 'नेहमीची' म्हणून पुस्तकांत लिहिली. मग एखाद्या खात्यापित्या घरचे धडधाकट बाळ झोपेत अचानक दगावले, की शवविच्छेदनात थायमस 'मोठी' दिसायची. ती मोठी नव्हती, ठणठणीत होती. पण 1889 मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफने या 'वाढलेल्या' थायमसवर एक आजारच उभा केला, आणि 1907 पासून बाळांच्या गळ्याशी क्ष-किरणांचे शेक सुरू झाले. हजारो बाळांना ते दिले गेले. त्यांतल्या कित्येकांना मोठेपणी थायरॉइडचा कर्करोग झाला. दारिद्र्याचा ताण कुठे दिसतो म्हणाल, तर असा शरीररचनेच्या पुस्तकात दिसतो. आमच्या धंद्यातली ही गोष्ट मी दर नव्या डॉक्टरला ऐकवतो. त्यांना ती फारशी आवडत नाही.

आता हे घडते कसे. परदेशी पुस्तकांत इथे सिंह येतो. आपल्याला त्याची गरज नाही, आपल्याकडे विश्वामित्री नदी आहे. 2024 च्या ऑगस्टअखेरीस पूर आला तेव्हा सोसायट्यांच्या आवारात मगरी फिरत होत्या. समजा, गुडघाभर पाण्यात तुम्ही जिन्याकडे चालला आहात आणि दोन हातांवर काहीतरी हलले. पहिल्या सेकंदातच मज्जातंतूंमार्फत अ‍ॅड्रिनलच्या गाभ्याला निरोप जातो आणि अ‍ॅड्रिनॅलीन रक्तात येते. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, पाय आपोआप उचलतात. पाठोपाठ दुसरी, सावकाश साखळी सुरू होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस आपला हार्मोन पिट्युटरीकडे सोडतो. वाटाण्याएवढी पिट्युटरी दुसरा हार्मोन रक्तात सोडते. तो अ‍ॅड्रिनलच्या सालीपर्यंत पोहोचला, की तिथून कॉर्टिसॉल निघते. काही मिनिटांत साखर वाढते, रक्तदाब टिकतो, स्नायूंना इंधन मिळते.

लोक समजतात की ताण आला की प्रतिकारशक्ती लगेच खाली जाते. मगरीच्या बाबतीत तसे नाही. अ‍ॅड्रिनॅलीनच्या धक्क्याने मारक पेशी प्लीहेतून आणि रक्तवाहिन्यांच्या कडांवरून सुटून रक्तात येतात. मग कॉर्टिसॉल त्यांतल्या पुष्कळ पेशींना कातडीकडे आणि इतर मोक्याच्या जागी हलवते. चावा बसलाच, तर पहारा तयार असावा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फिरदौस ढाभर आणि ब्रूस मॅक्युअन यांनी 1990 च्या दशकात उंदरांवर हे दाखवले: थोड्या वेळचा ताण दिला तर कातडीची प्रतिकाराची प्रतिक्रिया वाढली, तोच ताण आठवडेच्या आठवडे दिला तर ती मंदावली.

मग कॉर्टिसॉल पुढे प्रतिकाराला आवर का घालते? कारण मोकाट प्रतिकार घातक असतो. जंतू मारायला निघालेल्या पेशी आपल्याच फुफ्फुसाला, सांध्याला, मूत्रपिंडाला सोलून काढू शकतात. कॉर्टिसॉल पेशीत शिरते, तिथल्या ग्राहक रेणूला धरून केंद्रकापर्यंत जाते आणि दाहाचे निरोप तयार करणारी जनुके बंद पाडते. उलट बाजूने, दाह चढला की त्याचे निरोप मेंदूपर्यंत पोहोचून हायपोथॅलॅमसला जागे करतात, म्हणजे आणखी कॉर्टिसॉल. लगाम दोन्हीकडून धरलेला आहे. तापात अंग मोडून येते, जेवण नकोसे होते, कुणाशी बोलावेसे वाटत नाही, तीही या निरोपांचीच करणी.

हा लगाम किती जोराचा आहे, ते सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये दिसले. फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना अ‍ॅड्रिनलच्या सालीतला कॉर्टिसोन हा रस टोचला. काही दिवसांत बाई चालू लागल्या. 1950 चे नोबेल हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना मिळाले. आपण ज्याला नुसते 'स्टिरॉइड' म्हणतो तो हा वंश. सांधेदुखीवर रामबाण म्हणून जत्रेत आणि एसटी स्टँडवर पुड्या विकल्या जातात, त्यांत बहुधा हेच दळलेले असते. अशी पुडी वर्षभर खाल्लेली बाई दवाखान्यात आली की तपासण्याआधीच कळते. चेहरा पुरणपोळीसारखा गोल, पोट सुटलेले, हातपाय काटकुळे, कातडी इतकी पातळ की बांगडी लागली तरी निळा डाग. वर सांगते, "डॉक्टर, गुडघे मात्र छान आहेत."

आणि आता मे 2021. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरात कोविडच्या त्या दिवसांचे काही ना काही आहे, म्हणून मी हळू बोलतो.

2020 च्या जूनमध्ये इंग्लंडातल्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवून दिले होते की रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड जास्तीत जास्त दहा दिवस दिले, तर व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजन लागत होता त्यांनाही फायदा झाला. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. हा शेवटचा भाग लोकांनी वाचला नाही. निरोगी माणसाच्या दोन्ही अ‍ॅड्रिनल मिळून दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार करतात. 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची ताकद दीडशे मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्याही वर जाते. मोकाट सुटलेला दाह आवरायला ती लागतेच. पण त्या दिवसांत मी निवृत्त असूनही फोन वाजत राहायचा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चिठ्ठी उघडली की साधा ताप, ऑक्सिजन 98, आणि गोळी सुरू. कुणाच्या मामाला दिलेली चिठ्ठी भाच्याने वापरलेली. मधुमेह आहे का हे कुणी विचारलेले नाही. कुणाला किती दिवस घ्यायची ते सांगितलेले नाही.

याचा फायदा म्युकरने घेतला. ही बुरशी आपल्या आसपास सदैव असते, मातीत, कुजलेल्या पानांत, शिळ्या भाकरीवर. तिची बीजे रोज आपल्या नाकात जातात आणि पांढऱ्या पेशी त्यांना गिळून टाकतात. कॉर्टिसॉलच्या जातीचे औषध भरमसाट झाले की या पेशी सुस्तावतात. त्याच औषधाने साखर चढते. साखर फार चढून रक्त आम्लाकडे झुकले की बुरशीला हवे असलेले लोह मोकळे होते. मग ती नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि पुढे मेंदूकडे सरकते. गाल बधिर होणे, दात हलू लागणे, नाकातून काळसर पाणी येणे, एका डोळ्याला दोन दोन दिसणे, ही लक्षणे बडोद्याच्या घराघरांत त्या महिन्यात पाठ झाली होती. आपल्या सयाजी रुग्णालयात या रुग्णांसाठी वेगळा वॉर्ड उघडावा लागला. गुजरात सरकारने मे महिन्यात हा आजार साथ म्हणून जाहीर केला. जूनअखेर देशभरात 40 हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. सर्वांत जास्त महाराष्ट्रात आणि गुजरातेत, म्हणजे आपल्या दोन्ही घरी.

यातला सगळा दोष स्टिरॉइडचा नाही. मधुमेह आपल्याकडे आधीच वारेमाप होता आणि कोविडचा विषाणूही साखर बिघडवत होता. पण अ‍ॅड्रिनलचा रस प्रतिकाराचे काय करतो, हे पुस्तक न उघडता पाहायचे असेल, तर 2021 चा मे पाहावा.

बाहेरून आलेल्या कॉर्टिसॉलची ही गोष्ट झाली. आतून, चिंतेने वाढलेले कॉर्टिसॉल इतके नसते. मग त्याने खरोखर काही बिघडते का? शंका रास्त आहे, आणि मलाही बरीच वर्षे होती. इंग्लंडात सॉल्झबरीला सर्दीवर संशोधन करणारे केंद्र होते. तिथे शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी 394 निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकले, आधी त्यांच्या आयुष्यातल्या ताणाची नोंद करून. 1991 मध्ये निकाल छापला. सर्वांत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे 27 टक्क्यांना सर्दी झाली, सर्वांत जास्त ताण असलेल्यांपैकी 47 टक्क्यांना. विषाणू तोच, थेंब तेवढेच. ओहायोत जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूला बारीकशी जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेआधी. परीक्षेतली जखम भरायला 40 टक्के जास्त वेळ लागला, अकराच्या अकरा जणांना. मार्चमध्ये बोर्डाला बसणाऱ्या पोराचे तोंड आले, की आजी लिंबूपाणी देते. तिचे निरीक्षण चुकीचे नव्हते.

किकोल्ट-ग्लेसर यांचाच 1995 चा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या 13 स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या, पण ती जबाबदारी नसलेल्या 13 स्त्रिया. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची गोल जखम. दुसऱ्या गटाची जखम सरासरी 39 दिवसांत भरली. सांभाळणाऱ्या बायकांना जवळजवळ 49 दिवस लागले. त्यांच्याच पुढच्या एका अभ्यासात आणखी एक दिसले: फ्लूची लस दिली तर जोडीदाराला सांभाळणाऱ्यांच्या शरीरात प्रतिद्रव्ये कमी तयार झाली.

गंमत अशी, की अशा माणसांच्या रक्तात दाह कमी नसतो, उलट वाढलेला असतो. लगाम आवळलेला, तरी दाह जास्त? कोहेन यांनी 2012 मध्ये याचा एक खुलासा केला. महिनोन्‌महिने कॉर्टिसॉलचा निरोप येत राहिला की पांढऱ्या पेशी त्याला दाद देईनाशा होतात. रोज ओरडणाऱ्या मास्तरांकडे वर्ग दुर्लक्ष करतो, तसे. मग जंतूंशी लढण्याची धार बोथट, आणि दाह मात्र धुमसत राहिलेला, असा दोन्हीकडून तोटा होतो. त्यामुळे 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून बाटल्या विकणाऱ्यांचे मला हसू येते. आमवात, सोरायसिस, काही जातींचे थायरॉइडचे आजार हे प्रतिकार वाढल्याचे किंवा वाट चुकल्याचे आजार आहेत. काय वाढवायचे आणि काय आवरायचे, हे त्या बाटलीला कसे कळणार?

सांभाळणारी माणसे म्हटले की मला आपली गल्ली दिसते. दांडिया बाजार, सलाटवाडा, घीकांटा, इथे मराठी घरांत आज कोण उरले आहे? पोरे न्यू जर्सीला, मेलबर्नला. मागे सत्तरीचे दोघे. त्यांतल्या एकाला विसर पडू लागलेला, आणि दुसरे, बहुधा काकू, रात्री चार वेळा उठून दरवाजाची कडी तपासणारे. कॉर्टिसॉल मध्यरात्री तळाला असायला हवे आणि पहाटे चढायला हवे. काकूंच्या रात्रीचा असा चुरा झाला की ही लय मोडते. मग काकूंना नागीण उठते, हिरडीचे इन्फेक्शन बरे होत नाही, आणि दवाखान्यात आम्ही सांगतो, "टेन्शन घेऊ नका." शेजारचे पटेलकाका तेच गुजरातीत सांगतात. हे वाक्य मीही माझ्या आयुष्यात खूप वापरले आहे; ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहायला सोपे पडते. पण सांगितले कुणाला? ताण काकूंनी हौसेने घेतलेला नाही. त्यांच्या हायपोथॅलॅमसला परिस्थिती दिसते आणि तो आपले काम चोख करतो. अशा घरात लागणारे औषध म्हणजे रात्रपाळीला येणारी एक बाई, आठवड्यातून दोन दुपारी काकांना नेऊन बसवता येईल अशी एखादी जागा, आणि परदेशातल्या मुलाने फोनवर "बाबा कसे आहेत" याच्या आधी "आई, तू झोपलीस का" असे विचारणे. यातली दुसरी गोष्ट आपल्या शहरात फार कमी आहे. रावपुऱ्यातल्या मंडळांच्या सभागृहांना दिवसा कुलपे असतात.

आसने, प्राणायाम, ध्यान यांनी मन शांत होते आणि कॉर्टिसॉल थोडे उतरते, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. फरक मध्यम आहे, चमत्कार नाही. ज्यांना जमते त्यांनी जरूर करावे. पण ज्या बाईला अंघोळीला दहा मिनिटे मिळत नाहीत, तिला अर्धा तास प्राणायाम करायला सांगणे म्हणजे तिच्या कामात आणखी एक काम वाढवणे.

जाताना, दवाखान्यात रोज सांगावे लागत असे ते सांगतो. दमा, आमवात किंवा त्वचेच्या आजारासाठी कुणाला डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या काही आठवडे किंवा महिने दिल्या असतील, तर आजचे भाषण ऐकून उद्या सकाळी त्या बंद करू नका. बाहेरून रस मिळत राहिला की स्वतःची अ‍ॅड्रिनल आळसावते. गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, जीवावर बेतते. डोस उतरवायचा तो पायरीपायरीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शस्त्रक्रिया ठरली, अपघात झाला किंवा जोराचा ताप आला, तर "मी स्टिरॉइड घेतो" हे सर्वांत आधी सांगा. अशा वेळी शरीराला नेहमीपेक्षा जास्त लागते आणि तुमची ग्रंथी ते तयार करू शकत नाही. पाकिटात तशी चिठ्ठी ठेवा. पुडीवाल्याकडून काही घेत असाल, तर तेही लपवू नका. आम्ही रागावणार, पण ते चालते.

आता प्रश्न घेऊ. स्वतःचे रिपोर्ट आणलेल्यांनी फाइल मात्र आज पिशवीतच ठेवावी.